व्हिसा नको, पण मुदत हवी

पस्तीस वर्षे बँकेत मी इतरांची कागदपत्रे तपासली. गोदामातील मालाच्या विम्याची मुदत केव्हा संपते, हुंडी कोणत्या दिवशी देय होते, ठेवीची पावती कधी परिपक्व होते, हे पाहण्यातच नोकरी सरली. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात, चातुर्मास संपल्यावर, थोरले दादा, वहिनी आणि आम्ही उभयता अशा चौघांनी मलेशियास जाण्याचे ठरविले, तेव्हा कागदपत्रांचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

दादांचे वय तेव्हा ७४. सांगलीच्या मार्केट यार्डात पन्नास वर्षे हळदीची पेढी सांभाळली. पण देशाबाहेर पाऊल टाकले नव्हते. पासपोर्ट मात्र जवळपास दहा वर्षांपूर्वी काढून ठेवलेला होता. तेव्हाची सहल काही कारणाने राहिली आणि तो कोरा पासपोर्ट तिजोरीत पडून राहिला. मी तो उघडून पाहिला. मुदत मार्च २०२५ पर्यंत. आमचा प्रवास नोव्हेंबरात. मुदत संपलेली नाही, असा शेरा मनातल्या मनात मारून मी तो बाजूला ठेवला.

मुंबईच्या विमानतळावर रात्री अकरा वाजता, सामानाच्या काट्यासमोर, तेथील तरुणीने तो पासपोर्ट दोनदा उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे सांगितले, "काकांना जाता येणार नाही." मलेशियात उतरण्याच्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. दादांचे चारच महिने उरले होते. मी म्हणालो, व्हिसा तर लागतच नाही! ती म्हणाली, "व्हिसा लागत नाही, म्हणूनच तपासणी आमच्याकडे असते." तिचे म्हणणे बरोबर होते. व्हिसा असता तर वकिलातीने महिनाभर आधीच हा दोष दाखविला असता. व्हिसामुक्त प्रवासात ती चाळणी नसते. प्रवाशाला तिकडून परत पाठविले तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर येतो, त्यामुळे ती धोका पत्करत नाही.

दादा रागावले नाहीत, याचेच मला अधिक लागले. "तुम्ही दोघं जा, तिकिटं वाया घालवू नकोस," एवढेच म्हणाले. वहिनींनी काही न बोलता आपली बॅग काट्यावरून उतरविली आणि दशम्या व शेंगाचटणीचा डबा सौ.च्या हाती दिला. ते दोघे पहाटेच्या बसने सांगलीस परतले. क्वालालंपूरच्या हॉटेलात तो डबा उघडताना आम्हा दोघांनाही घास उतरेना.

भारतीय पर्यटकांना मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. तथापि ही प्रवेशाची हमी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. अंतिम निर्णय तेथील अधिकाऱ्याचा असतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे यांचा पुरावा तो मागू शकतो. मी तिन्ही कागदावर छापून नेले होते, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तेथील डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि शुल्क घेणारी स्थळे पुष्कळ आहेत, त्यांपासून दूर राहावे. आपल्याकडे नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. ते पासपोर्टावर जसे छापले आहे तसेच लिहावे, लग्नपत्रिकेतल्यासारखे नव्हे.

रांगेत आमच्यापुढे एक तरुण व्यापारी होता. अधिकाऱ्याने येण्याचे प्रयोजन विचारले. त्याने सवयीने "बिझनेस" असे उत्तर दिले. त्याला आपला व्यवसाय सांगायचा होता. अधिकाऱ्याने प्रयोजन ऐकले. बिचारा अर्धा तास बाजूला बसला. आपल्या व्यापारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. फिरायला गेलात तर "टुरिझम" म्हणावे, आणि नातेवाइकाच्या दुकानी उतरलात तरी गल्ल्यावर बसू नये. पर्यटक म्हणून गेलेल्याने तेथे काम करणे नियमबाह्य आहे.

प्रत्येक देशाचा शब्द वेगळा असतो. नेपाळला व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रवाशास केवळ आधार कार्डावर सोडत नाहीत. भूतानला व्हिसा नाही, पण दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. बालीस उतरल्यावर मिळतो तो व्हिसाच, आणि त्याचे पाच लाख रुपिया मोजावे लागतात. "सगळे फ्री आहे" असे सांगणाऱ्या भाच्यावर विसंबू नये. परकीय चलन रोख नेण्याची मर्यादा प्रत्येक प्रवासास ३,००० डॉलर आहे. उरलेले कार्डावर घ्यावे.

आहाराची चिंता मला वाटली होती तितकी पडली नाही. विमानात जैन भोजन तिकिटाबरोबरच नोंदवावे, आयत्या वेळी मिळत नाही. क्वालालंपूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते आणि सूर्य वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीचे जेवण सहज जमते. ब्रिकफील्ड्स भागात शाकाहारी उपाहारगृहे आहेत. कांदा-लसूण नको हे मात्र प्रत्येक वेळी सांगावे लागले.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दादांचा पासपोर्ट नूतनीकरणास दिला. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून ते करता येते, हे मला तेव्हा कळले. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे पुन्हा निघालो. आगमनपत्र भरताना मी टंकत होतो आणि दादा चष्मा लावून एकेक अंक वाचून दाखवीत होते. मुदतीच्या रकान्याशी थांबले, बोटाने वर्ष दाखवून म्हणाले, "२०३४. माझ्यापेक्षा याचीच मुदत जास्त दिसते."