जवळ बसणं

भोसरीच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. त्यामुळे मोशीतल्या आमच्या काही घरांचा रविवार गुरुवारी संध्याकाळी येतो. कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी पडते, ‘उपासना संगीत’ आणि विधीची पुस्तकं मांडीवर येतात. कुणी नेवाशाचं, कुणी राहुरीचं, कुणी जालन्याचं. खाली पुणे-नाशिक रस्त्यावरून चाकणकडे कंटेनर गडगडत जातात.

परवा भाच्याने विचारलं, “मामा, छापलेलं वाचायचं, त्याला प्रार्थना कसं म्हणायचं?”

हा प्रश्न आमच्या घरात जुनाच आहे. आजीचं माहेर एसपीजी मिशनचं, म्हणजे अँग्लिकन. तिथे १५४९ पासून चालत आलेल्या प्रार्थनापुस्तकाची शिस्त. सासर अमेरिकन मराठी मिशनचं. तिथे ओठांवर येईल ती प्रार्थना. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छताखाली आले. आमच्या स्वयंपाकघरात ते त्याआधीच आले होते. आजीला अक्षरओळख नव्हती, पण पापांगीकारापासून आशीर्वादापर्यंत सगळा विधी तोंडपाठ. ज्वारी निवडताना ती तो पुटपुटायची. आजोबा स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायचे. तरी आम्हा पोरांना ठाऊक असायचं, आधी पाऊस येणार, मग आजारी माणसं, मग प्रवासातले मुलगे. विधी त्यांचाही होता, फक्त छापलेला नव्हता.

‘लिटर्जी’ शब्दाचं मूळ ग्रीक. अथेन्समध्ये श्रीमंत नागरिक पदरच्या पैशाने युद्धनौका सज्ज करायचा, नाटकातल्या गायकवृंदाचा खर्च उचलायचा. नगरासाठी केलेल्या त्या सेवेचं हे नाव. ते पुढे देवाच्या सेवेला लागलं. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात काम आहे. मराठीत आपण उपासना म्हणतो. उप म्हणजे जवळ, आणि आसन म्हणजे बसणं. आठ तास प्रेसवर उभं राहून आलेल्या माणसाला मला हा दुसरा शब्दच सांगावासा वाटतो. बस. शब्द शोधू नकोस, ते आधीच मांडून ठेवलेत.

अर्थात ते आपल्या भाषेत मांडलेले हवेत. गोव्यात मिस्सा लॅटिनमध्ये चाले, तेव्हा फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा ओवीत आणली आणि ‘क्रिस्तपुराण’ चर्चमध्ये वाचलं जाऊ लागलं. खुद्द मिस्सा लोकभाषेत यायला १९६३ चा व्हॅटिकन परिषदेचा निर्णय लागला. आमच्याकडे ना. वा. टिळकांनी अभंग आणले, आणि परक्या चालींवर अडखळणारे आवाज मोकळे झाले. मोशी देहू-आळंदीच्या मधली, इंद्रायणीच्या काठची. इथे संध्याकाळी हरिपाठ कानावर पडतो. रोज तोच का, असं त्या म्हणणाऱ्यांना विचारायचं भाच्याच्या मनातही येत नाही.

जीभ पुढे धावते आणि मन लाइनवरच्या रिजेक्शनचे तुकडे मोजत बसतं, असं होतं. मला त्याचं वाईट वाटतं. पण पापांगीकारात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे, याचा मला फार आधार आहे. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एका कंत्राटी पोराला कंपनीने ब्रेक दिला. त्या गुरुवारी तो भिंतीला टेकून बसला होता. पुस्तक उघडं, ओठ मिटलेले. त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना करायला मी शब्द जुळवू लागलो, तर जे सुचलं ते सगळं सल्ल्यासारखं वाटलं. मग गप्प बसलो. विधी चालू राहिला, आणि प्रत्येक ‘आम्ही’त त्याला धरूनच म्हटलं गेलं.

मतांगीकार निम्मा झाला असेल, तेव्हा दार ढकलून एकजण आत आला. चाकणची सुट्टी वेगळी; ओव्हरटाइम संपवून कंपनीच्या बसने चौकात उतरला होता. अंगावर गणवेश, हातात डबा. कुठपर्यंत आलंय हे त्याने विचारलं नाही. चपला काढता काढता चालू वाक्यातच त्याचा आवाज मिसळला. भिंतीजवळच्या पोराने थोडं सरकून त्याला सतरंजीवर जागा करून दिली.