वारुळाची माती
सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी रस्ता रुंद करताना जेसीबीनं एक जुनं वारूळ उभं चिरलं. एरवी न दिसणारं सगळं उघड्यावर आलं. जाड भिंती, आतले बोळ आणि तळाशी स्पंजासारखी बुरशीची करडी पोळी. याच बुरशीतून पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते.

मामी घमेलं घेऊन हजर! तिला हवी होती माती. ‘‘चुलीक हीच बरी, तडे जाणत नाय.’’

मी दोन ढेकळं उचलली, एक वारुळाच्या भिंतीचं आणि एक शेजारच्या जमिनीचं. जमिनीचं चिमटीतच फुटलं. त्यात जांभ्याची खडी, मुळांचे तुकडे, पाल्याचा चुरा. वारुळाचं काही केल्या फुटेना. दोन्ही पाण्यात टाकली, तर जमिनीचं बघता बघता विरघळलं, वारुळाच्या ढेकळाच्या कडा बराच वेळ शाबूत होत्या. शेवटी ते ठेचून बोटांवर चोळलं, तेव्हा एकही मोठा खडा लागला नाही.

वाळवी आजूबाजूची माती नुसती खरवडून ढीग घालत नाही. कामकरी वाळवी खालच्या थरातली चिकणमाती वर आणते, लाळ मिसळून तिची गोळी वळते आणि गोळीवर गोळी रचत जाते. तोंडात न मावणारी खडी जागच्या जागी राहते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘ओडोंटोटर्मिस ओबेसस’ या आपल्याकडच्या जातीवर प्रयोग झाले. वाळवीनं घडवलेली माती तिथे साध्या मातीच्या सुमारे दहापट मजबूत भरली. काळ्या जमिनीत मात्र वारुळातल्या आणि शेजारच्या चिकणमातीच्या प्रमाणातला फरक इतका डोळ्यांत भरत नाही, कारण तिथली माती मुळातच चिकण.

या बांधकामाला ओल लागते. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त भूजलाच्या खुणा सांगताना झाडालगतचं वारूळही धरलं, ते अगदीच हवेत नव्हतं. तरी केवळ वारूळ बघून बोअर मारा, असं मी कुणाला सांगणार नाही.

वारुळाची माती म्हणजे आयतं खत, असंही पुष्कळजण समजतात. ते सरसकट खरं नाही. बुरशी पोसणारी वाळवी पालापाचोळा आतल्या पोळ्यांना घालते आणि भिंतीला खालची माती वापरते. त्यामुळे भिंतीत कुजलेला पाला वरच्या मातीपेक्षा कमीही असू शकतो. मामीनं घमेलंभर माती चुलीला लावली. परसातल्या वांग्यांना मात्र नेहमीचं शेणखतच घातलं.