सात की आठ?

गाडी दारात उभी होती. सुरतेला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीची पंचाहत्तरी होती आणि बडोद्याहून सकाळी सात वाजता निघायचं, असं मी आदल्या रात्री दोनदा सांगितलं होतं. बरोबर सात वाजता सासूबाई न्हाऊन, ओले केस पुसत शांतपणे बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अजून तासभर आहे ना? तू आठ म्हणाली होतीस."

मी आठ म्हटलं नव्हतं. त्या महिन्यात असं चौथ्यांदा घडत होतं. माझा तोल सुटला. ड्रायव्हर ऐकतोय, शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या आहेत, कशाचंच भान राहिलं नाही. मी म्हणाले, "आई, तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं!"

हे वाक्य मात्र त्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी "काय म्हणालीस?" हा प्रश्न विचारणंच सोडलं. काही बोललं की मान हलवायच्या, हसायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. टीव्हीचा आवाज मोठा करणंही बंद झालं, कारण टीव्ही लावणंच बंद झालं. घरात शांतता होती, पण ती शांतता बरी वाटत नव्हती. ह्यांनी एकदा हळूच म्हटलं, "माफी मागून टाक ना." मी म्हटलं, "माझं काय चुकलं? मी सातच म्हणाले होते."

त्या दिवसांत मी संध्याकाळ माझ्या टेबलापाशी काढत असे. त्या टेबलाविषयी थोडं सांगायला हवं.

मी शाळेत तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांना आवाज देण्याचं कामही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. पडद्यामागे बसून पाऊस पाडायचा, वीज कडाडवायची, आगगाडी सोडायची. पूर्वी हे सारं कॅसेटवर असे, मग सीडीवर आलं, आता मोबाइलवर. पण पाऊस तोच आणि वीजही तीच. नट संवादाच्या मध्ये थांबला तरी वारा थांबत नाही. नटी रडायच्या आधीच वीज कोसळते! मला असा वारा हवा होता, जो माझ्या हातात असेल आणि समोरच्या नटाकडे बघून वाहील.

अशा वेळी मला अहमदाबादची ती गोष्ट समजली. १९६९ साली तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवून एक स्टुडिओ उभा केला होता. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाईंसह काही भारतीय कलाकारांनी तिथे विजेच्या यंत्रातून निघणाऱ्या आवाजांवर काम केलं. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात तशाच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या सापडल्या आणि २०२३ साली त्यांतल्या काही निवडक रचना प्रकाशित झाल्या. मी त्या ऐकल्या. आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, माझ्या जन्माच्याही आधी हे सारं होऊन गेलं होतं!

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे काय? आपण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बघतो तसा कीबोर्ड नव्हे. त्यातलं एकेक काम करणारा एकेक वेगळा डबा असतो. एक डबा आवाज निर्माण करतो, तो ऑसिलेटर. दुसरा त्यातला काही भाग गाळतो, तो फिल्टर. तिसरा आवाज लहानमोठा करतो. चौथा आवाज उमटावा कसा आणि विरावा कसा हे ठरवतो. हे डबे आतून एकमेकांना जोडलेले नसतात. कोणाचं तोंड कोणाच्या कानाला लावायचं, हे आपण वायरी लावून ठरवायचं. स्वयंपाकासारखंच आहे म्हणा ना! जिन्नस तेच, पण आधी फोडणी की आधी डाळ यावर चव बदलते.

आणखी एक गंमत. यात सगळा हुकूम व्होल्टेजचा. बहुतेक यंत्रांत एक व्होल्ट वाढवला की कंपनसंख्या बरोबर दुप्पट होते. २२० असेल तर ४४०, म्हणजे खालचा सा थेट वरचा सा होतो. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली हे तंत्र रुळवलं आणि १९९०च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी आणलेलं युरोरॅक हे छोटं माप पुढे जगभर चाललं. पट्टीची उंची साडेअठ्ठावीस मिलिमीटर अधिक शंभर, म्हणजे १२८.५ मिलिमीटर. हे माप पाळलं की कोणाचाही डबा कोणाच्याही पेटीत बसतो.

परदेशी तयार डबे मागवायचे तर खर्च डोळे पांढरे करणारा. मी ठरवलं, आपणच बांधायचे. शिकवण्यांचे पैसे साठवले होते. मुंबईला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून आयसी, ट्रान्झिस्टर, नॉब आणि सॉकेट पिशवी भरून आणले. दुकानदाराने विचारलं, "मुलाचा प्रोजेक्ट आहे का?" मी म्हटलं, "नाही, आईचा."

जुन्या कपाटाचा एक खण काढून त्याची पेटी केली. पहिला ऑसिलेटर तयार झाला, त्या रात्री मी वीजपुरवठ्याची पट्टीवायर उलटी लावली. अधिक बारा व्होल्टच्या जागी उणे बारा! आयसीतून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि घरभर जळका वास सुटला. लेकीने बंगळुरूहून फोनवर समजूत घातली, "आई, हे सगळ्यांचं होतं गं." त्यानंतर मी प्रत्येक वायरीची एक कड लाल नेलपॉलिशने रंगवली. पुढे तशी चूक झाली नाही. यंत्रात ५० हर्ट्झची घरघर मात्र पंधरा दिवस पुरली. शेवटी एक अर्थिंगची वायर नीट जोडल्यावर गेली.

तर सुरतेच्या त्या भांडणानंतर तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी टेबलावर वारा तयार करत होते. वारा करायची कृती सोपी आहे. एका ट्रान्झिस्टरला मुद्दाम उलटं जोडलं की त्यातून सतत 'सूंऽऽ' असा खरखराट निघतो. त्यात उंच-खालच्या सगळ्या कंपनसंख्या एकत्र असतात. तो फिल्टरमधून न्यायचा आणि फिल्टरचा नॉब हळूहळू उघडायचा, मिटायचा. वारा वाहू लागतो!

टेबलावर वीस-बावीस रंगीत वायरींचं जाळं पसरलं होतं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन खोलीकडे चालल्या होत्या. त्या थांबल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपण होऊन जवळ आल्या.

"अगं, हा तर माझा बोर्ड!" त्या म्हणाल्या.

सासूबाई १९६८ साली बडोद्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. कानाला हेडफोन, समोर शेकडो भोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्यांच्या जोड्या. एक टोक बोलावणाऱ्याच्या भोकात, दुसरं ज्याला बोलावायचं त्याच्या. एसटीडी घरोघरी येईपर्यंत त्यांनी हेच केलं. कोणाच्या घरी बारसं, कोणाच्या घरी मर्तिक, सगळं त्यांच्या दोरीतून गेलेलं.

मी एक वायर ओढून काढायला गेले, तशी त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "वायर धरून ओढायची नाही. प्लग धरायचा. आमच्या सुपरवायझर ओरडायच्या."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. मला भरून आलं, पण दाखवलं नाही. म्हटलं, "आई, वारा ऐकता?" फिल्टर पूर्ण उघडा ठेवून मी त्यांना हेडफोन दिला, स्वतः दुसरा लावला आणि नॉब हळूहळू मिटू लागले. दहा हजार हर्ट्झ, सहा हजार, चार हजार. नॉबभोवती मी पेनाने आकडे लिहून ठेवले होते. माझ्या कानात वाऱ्याची शीळ कधीच विझली होती. उरला होता तो जाड, दबका घुमारा.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "हं, फिरव ना," त्या म्हणाल्या. "केव्हा सुरू करणार?"

माझा हात नॉबवरच राहिला. मी अर्ध्याहून अधिक फिरवून झालं होतं.

त्या झोपल्यावर मी पुन्हा टेबलाशी बसले. नाटकाच्या आधी वाजवायची सूचना माझ्याच आवाजात तयार होती, "प्रयोग संध्याकाळी ठीक सात वाजता सुरू होईल." ती मी फिल्टरमधून सोडली. लो-पास फिल्टर ही एक उलटी चाळण आहे. जाड, म्हणजे खर्जातलं, ते खाली जाऊ देते आणि बारीक, म्हणजे उंच स्वरातलं, ते अडवते. नॉब मिटत गेले. माझा आवाज तेवढाच मोठा राहिला, फक्त उशीतून आल्यासारखा झाला. दीड हजारापाशी आल्यावर मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं.

"...ठीक आठ वाजता सुरू होईल."

सात नाही. आठ.

तेवीस वर्षं मी मुलांना ध्वनी हा धडा शिकवला. पण हे मला कधी सुचलं नव्हतं. 'आ'सारखे स्वर खालच्या कंपनसंख्यांत राहतात. 'स'चा सारा जीव मात्र वर, बहुतेक चार हजार हर्ट्झच्याही पुढे. तो गेला की 'सात'चा नुसता 'आत' उरतो आणि ऐकणारं मन बिचारं आपल्या परीने त्याचा 'आठ' करून घेतं. म्हणजे मी सात म्हणाले होते हेही खरं आणि सासूबाईंनी आठ ऐकलं हेही खरं. खोटं होतं ते माझं ड्रायव्हरसमोरचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना ते ऐकवलं. मग सासूबाईंच्या पलंगावर जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात. मला क्षमा करा." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालंय. म्हणून गप्प बसत होते."

ही भीती मनात घेऊन त्या तीन आठवडे एकट्या बसल्या होत्या आणि मी समजत होते, त्या रुसल्यात!

माझं यंत्र म्हणजे काही दवाखाना नव्हे. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मळ तपासला, मग श्रवणतपासणी केली. त्या तपासणीचा आलेख २५० हर्ट्झपासून ८,००० पर्यंत जातो. सासूबाईंची रेघ डावीकडे चांगली होती, उजवीकडे जाता जाता घसरगुंडीसारखी खाली आली होती. माझ्या नॉबचंच जणू चित्र! कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसपेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात आणि उंच स्वर टिपणाऱ्या सहसा आधी झिजतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. म्हणून तर "मला ऐकू येतंय, ओरडू नकोस" आणि "काय म्हणालीस?" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून येतात. आपण मात्र ओरडतो. ओरडण्याने 'आ' अधिक मोठा होतो, 'स' बिचारा होता तिथेच राहतो.

आता सासूबाईंच्या कानात यंत्र आहे. ते नेमके उंच स्वर उचलून देतं. पहिले काही दिवस त्यांना स्टीलच्या भांड्यांचा आवाज सुईसारखा टोचायचा. हळूहळू सवय झाली. पण खरा उपाय त्यांनीच सांगितला. टेलिफोनची तार ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते. म्हणजे बोर्डवर त्यांनी उभा जन्म असाच कापलेला आवाज ऐकला आणि ऐकवला होता!

"समोरच्याला आकडा कळला नाही, तर तोच आकडा मोठ्याने ओरडून सांगण्यात अर्थ नसतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शब्दांत सांगायचा. सात म्हणजे सहाच्या पुढचे."

एवढी साधी युक्ती घरातच होती. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

गणेशोत्सवातल्या नाटकाला वारा माझ्याच पेटीतून वाहिला. दुसऱ्या अंकात वायरी पटापट बदलायच्या होत्या. माझ्या शेजारी, विंगेतल्या अंधारात, एक अठ्ठ्याहत्तर वर्षांची ऑपरेटर बसली होती. प्लग धरून ओढत होती, एकही चूक न करता. नटी थांबली की मी नॉब मिटायची, वाराही थांबायचा.

आता बाहेर निघायची वेळ मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगत नाही. मिक्सर बंद करते, सासूबाईंच्या समोर जाऊन उभी राहते आणि सांगते, "आई, सात. सहाच्या पुढचे."

"ऐकलं हो," त्या म्हणतात. "मी तयारच आहे. पण तुझा नवरा अजून दाढी करतोय. त्याला कोणता फिल्टर लावतेस?"