बोर? अजिबात नाही!

'ताडोबाला चाललात?' नागपूरहून निघताना जो तो हेच विचारत होता. नाही बॉस, बोर! नाव ऐकून हसू नका. तुमच्या सोमवारच्या मीटिंगशी याचा काही संबंध नाही. बोर ही नदी आहे, आणि वर्धा जिल्ह्यातलं हे जंगल तिच्याच नावाचं. अभयारण्य १९७० चं, व्याघ्र प्रकल्प २०१४ पासून. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यात छोट्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक.

एप्रिलमध्ये इथला साग उघडाबोडका असतो. हिरवं काही शोधायचं तर धरणाच्या पाण्याजवळ जायचं. जिप्सीमागे धुळीचा लोट, तोंडाला रुमाल, आणि वाघाचा पत्ता नाही. मग गाइडदादांनी गाडी थांबवली. धुळीत पंजा उमटला होता, माझ्या तळहाताहून मोठा. 'रात्रीच गेला सायेब. तुमी झोपले होते तवा.'

आम्ही फोटो काढत होतो, तेव्हा दादा बाजीरावबद्दल सांगायला लागले. बोरचा हा दांडगा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती हायवेवर गाडीच्या धडकेत गेला. एवढ्याशा जंगलात सगळे वाघ मावत नाहीत. वयात आलेले नर नवी जागा शोधत बाहेर पडतात, आणि मध्ये शेतं, गावं, हायवे. जिप्सीत कुणीच काही बोललं नाही. कारण रात्री ढाब्यावर जेवून त्याच हायवेनं सुसाट परतायचा आमचा प्लॅन होता.

तो रद्द केला. हिंगणीला मुक्काम ठोकला आणि सकाळी सेवाग्राम गाठलं.

तेव्हाचं हे शेगाव. ना पक्का रस्ता, ना पोस्ट. ३० एप्रिल १९३६ ला, असल्याच उन्हाळ्यात, सहासष्ट वर्षांचे गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून इथवर चालत आले. सुमारे आठ किलोमीटर! पुढे बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं.

आदिनिवासाच्या गार सावलीत बसलो, तेव्हा आमच्यातला एक म्हणाला, 'वर्ध्यापर्यंत चालूया का?' नऊ वाजले होते, ऊन रणरणत होतं. कसेबसे दोन किलोमीटर चाललो आणि रिक्षाला हात केला.

जाणार असाल तर पावसाळ्यात गाभा बंद असतो, बुकिंग आधी करा. आणि अंधार पडायच्या आत परत फिरा.