वाशीमचे ऊन, वाशीमचा पाऊस

विदर्भ म्हटले की ऊन, पुणे म्हटले की गारवा आणि कोकण म्हटले की पाऊस, अशी महाराष्ट्राच्या हवेची वाटणी मराठी माणूस लहानपणीच शिकतो. एप्रिल उजाडला की अकोला, चंद्रपूर आणि नागपूरचे आकडे बातम्यांत झळकतात. जून लागला की ती नावे मागे पडतात. बाकीचे महिने तिथे हवा कशी असते, हे कोणी विचारत नाही. अशा रीतीने दोन महिन्यांच्या उन्हावरून अकरा जिल्ह्यांच्या बारा महिन्यांची ओळख ठरून जाते. हा समज आणि प्रत्यक्षातली हवा यांत किती अंतर असते, ते पाहण्यासाठी वाशीम हा फार चांगला जिल्हा आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. अकोल्याहून निघालेला रस्ता पातूरच्या पुढे घाट चढू लागतो आणि मेडशीवरून मालेगावच्या पठारावर येतो. पूर्णेच्या खोऱ्यातले अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, तर वाशीम साडेपाचशेच्या आसपास. हवा उंच जाईल तशी दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी निवते. या हिशेबाने एवढ्या चढणीत दीड-दोन अंशांचा फरक पडतो. आकडा लहान दिसतो, पण मेच्या दुपारी ४५ आणि ४३ यांत काय अंतर असते, ते उन्हात काम करणाऱ्याला विचारावे. अकोला आणि वाशीम यांचे ऊन एकाच नावाने ओळखले जात असले, तरी घाटाखालचे ऊन वेगळे आणि घाटावरचे वेगळे.

ऊन मात्र खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. वाशीम २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. अरबी समुद्र इथून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असल्याने समुद्री वारा या उन्हाला अडवायला येत नाही. नांगरून उघडी पडलेली काळी माती ऊन पिऊन घेते, भेगाळते, आणि त्या भेगांत हात सहज जातो. पण तोच सूर्य जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा तसाच डोक्यावर येतो, याची सहसा कोणाला जाणीवही होत नाही. तेव्हा आभाळ भरलेले असते, सोयाबीन गुडघ्याला लागलेले असते आणि पारा तिशीच्या आसपास घुटमळत असतो. सूर्य तोच आणि तितकाच माथ्यावर. दोन महिन्यांत बदलतात ते ढग आणि मातीतली ओल.

इथल्या उन्हाचा दुसरा विशेष म्हणजे त्याचा कोरडेपणा. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, म्हणून ४२ अंशांतही सावलीत बसलेल्या माणसाला थोडा थारा मिळतो. कूलर चालतो तोही याच बळावर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून काढून घेतली जाते. पहिला पाऊस पडला की हवेत ओल भरते आणि मेमध्ये खोली गार करणारा कूलर जूनमध्ये नुसता दमट वारा फेकू लागतो. मुंबईत पारा ३४वर असला तरी जीव कासावीस होतो, कारण तिथे घाम वाळत नाही आणि रात्रही निवत नाही. वाशीमच्या कोरड्या, निरभ्र आभाळाखाली जमीन दिवसभराची उष्णता लवकर सोडून देते. म्हणून खेड्यांत अंगणात पाणी शिंपडून बाजा टाकतात आणि पहाटे पायाशी चादर असू देतात. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीही दिवस-रात्रीच्या याच मोठ्या फरकाचा विचार करून उभ्या राहिलेल्या दिसतात.

हिवाळ्याचे तर नावच विदर्भाच्या ओळखीत नाही. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. समुद्र दूर असलेल्या प्रदेशात उन्हाळा जितका कडक, तितकीच थंडीही बोचरी असते. दोन्हींचे मूळ एकच. वाशीमच्या पठारावर डिसेंबरात हरभरा-गव्हाला ही थंडी मानवते, तुरीचे मात्र तसे नसते. तूर फुलोऱ्यात असताना पहाटे धुई पडली, की पाने दवाने जड होतात, कळ्या-फुले ओली राहतात आणि चार दिवस असेच गेले तर तुरीच्या ओळींखाली पिवळ्या फुलांचा सडा दिसू लागतो. ज्या प्रदेशाला सारे जग कोरडा म्हणते, तिथल्या शेतकऱ्याचे वर्ष असे दवाने आणि धुक्यानेही बुडते.

आता पाऊस. ‘विदर्भ कोरडा’ हा समज आकड्यांसमोर सर्वांत कमी टिकतो. भारतीय हवामान विभागाच्या १९७१ ते २०२० या काळाच्या सरासरीनुसार जून ते सप्टेंबरात देशभर मिळून ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. विदर्भ उपविभागाची सरासरी त्याहून जास्त, ९४ सेंटिमीटरच्या जवळ आहे. मध्य महाराष्ट्राची ७५, तर मराठवाड्याची ६४ सेंटिमीटरच्या आसपास. वाशीमला विदर्भाच्या सरासरीहून कमी, तरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. पावसाळी म्हणून मिरवणाऱ्या पुणे शहराचा वर्षभराचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरचा. ज्याच्या छत्रीची ख्याती जगभर पोचली, त्या लंडनला वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटर मिळतात. लंडनचा पाऊस शंभरहून अधिक दिवसांवर थेंबाथेंबाने पसरतो, म्हणून तो आठवणीत राहतो. वाशीमचा पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्याच दिवसांत कोसळून मोकळा होतो, म्हणून विसरला जातो.

विदर्भाच्या आतही पाऊस सारखा नाही. सह्याद्री ओलांडून येणारा वारा मध्य महाराष्ट्रात बराचसा रिता झालेला असतो. पुढे पूर्वेकडे सरकावे तसा बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा पाऊस मिळू लागतो. त्यामुळे बुलडाण्याकडून गडचिरोलीकडे जाताना पाऊस वाढत जातो. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्या आणि गडचिरोलीची अरण्ये या वाढत्या पावसावर उभी आहेत. वाशीम या चढणीच्या पश्चिम टोकाकडे आहे.

मग पाणीटंचाई कशामुळे? याचे उत्तर जिल्ह्याच्या रचनेत आहे. वाशीमचे पठार हे दोन समुद्रांमधले जलविभाजक आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, म्हणजे तिचे पाणी अरबी समुद्राला जाते. पूस, अरुणावती, अडाण या नद्या दुसऱ्या उताराने पैनगंगेकडे जातात आणि त्यांचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. या नद्या इथे जन्म घेतात आणि मोठ्या होण्याआधीच जिल्हा सोडतात. बाहेरून पाणी घेऊन येणारी मोठी नदी म्हणजे बुलडाण्याकडून येणारी एकटी पैनगंगा. शिवाय खाली काळा कातळ, त्याच्या पोटात पाणी मुरायला जागा थोडी, आणि माथ्यावरची माती बरड. पडलेला पाऊस उताराने धावत सुटतो. तेव्हा वाशीमचे दुःख पाऊस न पडण्याचे नसून पडलेला पाऊस न थांबण्याचे आहे.

त्यात पावसाच्या वेळांचा घोळ. मिरगाचा पाऊस आला म्हणून पेरावे, तर नंतर तीन आठवडे पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. पुढे झड लागते ती आठ-आठ दिवस हटत नाही, डवरणी अडते आणि पीक पिवळे पडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुडीवर कोसळतो आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. त्या साली पावसाची बेरीज सरासरीइतकी भरते, कागदावर साल चांगले दिसते आणि घरात मात्र दाणा येत नाही. उरलीसुरली कसर गारपीट भरून काढते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा ११ फेब्रुवारी २०१८ला विदर्भ-मराठवाड्यात गारांनी उभा गहू आणि हरभरा झोडपला. ज्यांना लोक फक्त तापलेले म्हणून ओळखतात, ती शिवारे त्या दिवसांत बर्फाने पांढरी झाली होती.

समजुतींची अशी फसगत वाशीमपुरती नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वाशीमचा अख्खा पावसाळा त्या एका दिवसात मावतो. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटरच नोंदले गेले, म्हणजे ‘मुंबईचा पाऊस’ हाही त्या दिवशी एक नव्हता. चेरापुंजीला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडला, पण हिवाळ्यात तिथल्या बायाबापड्यांना पाण्यासाठी लांब जावे लागते. तिथेही पाणी उताराने निघून जाते. जगातल्या अतिपावसाच्या गावाचे आणि ‘कोरड्या’ वाशीमचे दुखणे असे एकच निघते.

समज तयार होतात ते टोकाच्या दिवसांतून. ४७ अंशांची बातमी होते, २८ अंशांची होत नाही. शिवाय समज काळाप्रमाणे बदलतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला मेघ ज्या रामगिरीवरून निघतो, ते परंपरेने नागपूरजवळचे रामटेक मानले जाते, म्हणजे भारतीय काव्यातला सर्वांत लाडका ढग याच ‘निरभ्र’ विदर्भावर उभा आहे. आजचे वाशीम हे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच नगरात. हजार वर्षांपूर्वी या भूमीचे नाव घेतले की कवीला रसिकता आठवत होती. आज वाचकाला दुष्काळ आठवतो.

हा नुसता शब्दांचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण प्रदेश कोरडा मानला, की उपाय बाहेरून पाणी आणण्याचे सुचतात आणि माथ्यावरचे पाणी अडवण्याचे मागे पडतात. उन्हाळाच खरा मानला, की थंडीत उघड्यावर राबणाऱ्या ऊसतोड मजुराचा आणि रात्रीच्या विजेवर ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याचा विसर पडतो. जिल्ह्याची सरासरी प्रमाण मानली, की कारंज्याच्या अतिवृष्टीत रिसोडचा खंड झाकला जातो. या दृष्टीने राज्यात महावेध प्रकल्पातून २,०००हून अधिक महसूल मंडळांत बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रे मोलाची आहेत. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि हे माप मंडळागणिक घेतले जाते. पैनगंगेवरची बॅरेजेस, शेततळी, बांधबंदिस्ती आणि सोयाबीनसाठी रुंद सरी-वरंबा हे उपायही पडणारा पाऊस खरा मानूनच आखलेले आहेत: जास्त पडला तर पाणी सरीतून निघून जावे, कमी पडला तर वरंब्यात ओल टिकावी. एखाद्या प्रदेशाची हवा जाणायची तर तिथले बारा महिने, तिथला चढ-उतार आणि तिथल्या मंडळामंडळांतले आकडे पाहावे लागतात. असे पाहिले की वाशीम हा उन्हाचा, थंडीचा, धुईचा, गारांचा आणि देशाच्या सरासरीजवळ जाणाऱ्या पावसाचा जिल्हा दिसतो, आणि त्याच्या शेतीचे व पाण्याचे नियोजन या सगळ्यांना मिळूनच करावे लागते.