वाटा

वेसाव्याच्या बाजारात मावशीपुढे वाटे मांडलेले असतात. तराजू क्वचितच निघतो. ओल्या फळीवर सात-आठ बोंबलांचा एक ढीग, शेजारी मांदेल्यांचा, पलीकडे करंदीचा. होडीनं जे आणलं ते या ढिगांत वाटून जातं आणि प्रत्येकाच्या पिशवीत समुद्राचा एकेक वाटा पडतो. वीस वर्षं मी हा शब्द ऐकते आहे. मेट्रोच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव वर्सोवा, मावशीच्या तोंडी मात्र वेसावाच. आणि तिच्या तोंडचा 'वाटा' म्हणजे माझ्या लेखी मासळीचा हिस्सा, एवढंच. 'वाट' या शब्दाचं अनेकवचनही 'वाटा'च होतं, हे व्याकरण मला फार उशिरा कळलं. ते पायांनी शिकवलं.

आईच्या आजारपणाची तीन वर्षं मी तिच्या खाटेशेजारी बसून काढली. ती गेली आणि माझ्या शरीराला फक्त बसायची सवय उरली. सकाळी जाग यायची ती तिच्या औषधांच्या वेळेला. औषधं नसायची, वेळ तेवढी असायची. २०२४च्या जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण एका संध्याकाळी म्हणाली, "उद्या साडेपाचला नुसती खाली ये. धावू नकोस. ये फक्त."

मी गेले. पाऊस नुकताच लागला होता. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या ताडपत्र्या पांघरून किनाऱ्याला टेकल्या होत्या. त्यांच्या कडेकडेनं आम्ही दोघी चाललो. होड्या सुटेपर्यंत, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत, मी न थांबता पाच किलोमीटर धावू लागले होते. त्या दिवशी कोळीवाडा सजला, वाजतगाजत नारळ दर्याला गेला आणि मी घरी येऊन सांगितलं, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावेन म्हणते. पूर्ण. सगळे क्षणभर गप्प झाले. मग मुलीनं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि जानेवारीपासून मागे मागे येत रविवार मोजायला घेतले.

वाळूवर धावायचं तर ओहोटी हवी. पाणी मागे सरलं की मागे राहते ती ओली, घट्ट रेती. तिच्यावर पाऊल रुतत नाही आणि गुडघ्याला हादराही बसत नाही. ही वेळ कशी काढायची ते मावशीनं शिकवलं. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे पहाटे पाणी थेट दगडांपर्यंत, तेव्हा रस्ता धरायचा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे सहाला ओहोटी. तेव्हा किनारा आपला. घड्याळं नव्हती तेव्हापासून होड्या या हिशेबावर निघत आणि परतत आल्या. माझ्या सरावाच्या तक्त्यात एक खण तिथीचा झाला.

पण मुळात धावायला रेती असणं, हाही कुणाचा तरी वाटा आहे. मला जुना किनारा आठवतो. प्लास्टिकच्या थरात पाऊल घोट्यापर्यंत जायचं; मुलीला वाळूत खेळायला न्यायचं तर आम्ही रिक्षा करून दुसरीकडे न्यायचो. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह यांनी शेजाऱ्याला सोबत घेऊन हा कचरा हातानं उचलायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे माणसं येत गेली. सुमारे अडीच किलोमीटरचा तो पट्टा मोकळा झाला आणि मार्च २०१८मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं इथल्या रेतीतून समुद्राकडे जाताना दिसली. मी सफाईच्या त्या रविवारांपैकी अगदी थोड्या रविवारी गेले होते. बाकीच्या रविवारी जे वाकले, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. मी मात्र त्यांच्या पाठीवरून धावत होते.

घरातले वाटे तर मोजताच येत नाहीत. लांब पल्ल्याच्या रविवारी नवरा सायकल काढायचा आणि जुहू, सांताक्रूझ, खार करत कार्टर रोडपर्यंत माझ्या मागे दहा पावलं अंतर ठेवून यायचा. पाण्याची बाटली त्याच्याकडे, बोलणं शून्य. माझी लय मोडू नये म्हणून तो घंटीसुद्धा वाजवत नसे. सासूबाई आदल्या रात्री नाचणीचं आंबील करून ठेवायच्या, ताक-मीठ-जिरं घालून. त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी मोजणारी ती बाई रोज मला विचारायची, "आज किती झाले?" मी आकडा सांगायची आणि तो त्या अशा ऐकायच्या, जणू तेवढे त्यांचेही झाले.

नोव्हेंबरात माझा उजवा गुडघा धरला. तीन आठवडे विश्रांती, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या तीन आठवड्यांत ती जुनी खाट पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली. वाटलं, झालं, हे आपलं काम नव्हे. बाजारात मावशीनं चेहरा पाहून विचारलं. मी सांगितलं की आता मी बसून आहे, धावतात ती बाकीची. तिनं कोयत्याचं काम थांबवलं नाही. म्हणाली, "होरी दर्यान असली की मी पण बसूनच असते गो. पन झोप लागते काय मला? बसलेला मानूस बी दर्यानच असतो."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. डिसेंबरात हळूहळू पुन्हा सुरुवात केली, आणि वर्ष संपता संपता एका पहाटे बत्तीस किलोमीटर पुरे झाले.

बेचाळीस किलोमीटर आणि १९५ मीटर. या आकड्यातल्या शेवटच्या मीटरांचं मला नवल वाटायचं. सरळ चाळीस का नाहीत? सुरुवातीच्या ऑलिंपिकमध्ये ते अंतर चाळीसच्या आसपासच असे आणि दर वेळी थोडं बदलत असे. १९०८मध्ये लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्ज्यापुढे संपेल अशी आखली गेली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१मध्ये तेच कायमचं ठरलं. म्हणजे जगभरच्या मॅरेथॉनची लांबी धावणाऱ्यांच्या पायांइतकीच पाहणाऱ्यांच्या बसण्याच्या जागेनंही ठरवली आहे. कुणीतरी कुठेतरी बसून पाहणार होतं, म्हणून रस्ता तिथपर्यंत नेला.

आपल्या मुलखातून या अंतरावर ऑलिंपिकमध्ये गेलेला एक माणूस बेळगावचा. फडेप्पा चौगुले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. स्वतःचे पैसे घातले, इतरांकडून उभे केले. १९२०च्या अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, आणि त्या दिवशीचं अंतर तर आजच्याहून लांब, ४२.७५ किलोमीटर. मी सरावात थकले की त्यांचा विचार करायची. त्या परक्या रस्त्याच्या कडेला आपल्या भाषेत हाक मारणारं त्यांना कोण भेटलं असेल? बेळगावात वाट पाहणाऱ्यांना ती बातमी किती दिवसांनी कळली असेल?

१९ जानेवारी २०२५. पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत दिव्यांनी उजळली होती आणि हजारो माणसांचे श्वास ऐकू येत होते. छातीवरच्या कापडी पट्टीवर क्रमांक आणि माझं नाव. नवऱ्यानं मला सोडलं तेव्हा एवढंच म्हणाला, "पेडर रोडला आहे मी."

मरीन ड्राइव्हचा गार वारा, अंधारातला समुद्र, पावलांचा एकच आवाज. वरळीहून आम्ही सागरी सेतूवर चढलो. एरवी या पुलावर चालत जायची मुभा नाही. साडेपाच किलोमीटरचं हे अंतर माणूस काचेआडून पाहतो. त्या दिवशी तारांच्या त्या पंख्याखालून मी माझ्या पायांनी गेले. माहीमच्या बाजूला फटफटलं, पाण्यावर होड्यांचे काळे ठिपके दिसले, आणि वाटलं, यांचंही कुणीतरी किनाऱ्यावर जागं असेल.

शिवाजी पार्कपाशी माणसांची भिंत उभी होती. संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, बिस्किटं. अनोळखी माणसं पट्टीवरचं नाव वाचून मला घरच्यासारखी हाक मारत होती. आणि त्या गर्दीत, एका झाडाला पाठ टेकून, सासूबाई. त्यांचं माहेर दादरचं. "तिथला रस्ता मला माहीत आहे, मी तिथेच उभी राहणार," असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. नातीला घेऊन पहिल्या मेट्रोनं अंधेरी, तिथून लोकलनं दादर, मग चालत. हातात स्टीलचा डबा, डब्यात मीठ लावलेले उकडलेले बटाटे. मी थांबले. एक फोड तोंडात टाकली. त्यांनी पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "जा. थांबू नकोस."

इतकंच. दहा-बारा सेकंद. पुढे गेल्यावर मी हिशेब केला. त्या पावणेसातपासून तिथे होत्या. मी पोचले तेव्हा सव्वाआठ होत आले होते. दुखऱ्या गुडघ्यांवर दीड तास, एवढ्या दहा-बारा सेकंदांसाठी. त्या क्षणी मला आपल्या भाषेचं ते साधं वाक्य पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं झालं. आपण वाट चालतो आणि वाट पाहतो. शब्द एकच. चालणाऱ्याची वाट आणि पाहणाऱ्याची वाट या दोन नव्हेतच. एकाच रस्त्याला दोघं दोन टोकांनी धरून असतात. आईच्या खाटेशेजारची माझी तीन वर्षंही मग मला वेगळी दिसली. ती निघाली होती एका लांबच्या वाटेनं आणि मी तीच वाट पाहत बसले होते. मी बसून नव्हते. मी दर्यातच होते.

बत्तीस किलोमीटरनंतर शरीर रिकामं होतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर त्या सुमाराला सरत येते आणि पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वागू लागतात. ऊन चढलं होतं. हाजी अलीवरून पेडर रोडचा चढ समोर आला. पहाटे अंधारात ओलांडताना जो जाणवलाही नव्हता, तो आता भिंतीसारखा. तिथं पदपथावर नवरा उभा होता आणि त्याच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण. दोघं पदपथावरून माझ्या बरोबरीनं चालू लागले. नवरा नेहमीसारखाच गप्प. मैत्रीण चढ संपेपर्यंत एकच शब्द म्हणत राहिली, "ये. ये. ये." जूनमधल्या त्या संध्याकाळचा तोच शब्द.

मग उतार, चौपाटी, पुन्हा मरीन ड्राइव्ह, आणि शेवटचे ते १९५ मीटर. पाच तास चोवीस मिनिटं. गळ्यात पदक आलं तेव्हा मी रडले नाही. मी मागे वळून पाहिलं. अजून माणसं येत होती, आणि कठड्याशी माणसं त्यांची वाट पाहत होती. मी कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि पट्ट्यांवरची नावं वाचून हाका मारू लागले.

बुधवारी बाजारात गेले. पाय अजून दुखत होते, पायऱ्या सासूबाईंसारख्याच कठडा धरून उतरले होते. मावशीनं पदक आणायला सांगितलं होतं, म्हणून पिशवीत घेऊन गेले. तिनं हात धुतले, पुसले, ते तळहातावर घेऊन तोललं. मग सगळं विचारून घेतलं: कुठून कुठे, कोण कुठे उभं होतं, काय खाल्लं. मी बोंबलाचा एक वाटा घेतला. तिनं शेजारचा दुसरा उचलून माझ्या पिशवीत टाकला.

"मावशी, एकच हवा होता."

"हा तुझा नाय," ती म्हणाली. "हा म्हातारीचा. उभी रायली ना ती."