हरलेल्यांचे दप्तर

सरकारी अहवाल कोण वाचतो, हा प्रश्न आम्हां नोकरपेशाच्या माणसांनी सहसा मोठ्याने विचारू नये; उत्तर ज्याचे त्याला ठाऊक असते. परप्रांतात वर्षानुवर्षे राहावे, दरसाल एक जाडजूड अहवाल वर धाडावा, आणि बदलीचा हुकूम येताच बाडबिस्तरा बांधावा! मागे उरते ती कपाटातली धूळ. अशा विषण्ण मनाला स्वीडनच्या एरिक बेर्गवाल (१८८०–१९५०) या गृहस्थांचे चरित्र मोठा दिलासा देते, असा आमचा अनुभव आहे.

बेर्गवाल हे वॉटर पोलोचे खेळाडू. हा खेळ काठावरून पाहणाऱ्यास हात आणि चेंडू तेवढे दिसतात. तळाला पाय टेकण्याची मुभा नाही. गोलरक्षकावाचून कोणी चेंडूला दोन्ही हात लावायचे नाहीत. सारी भिस्त पाण्याखाली अखंड चालणाऱ्या पायांवर, आणि ते तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, धावपट्टीच्या आत बांधलेल्या शंभर मीटर लांब तलावात बेर्गवालांचा संघ उतरला. हंगेरी व ऑस्ट्रिया यांनी माघार घेतल्याने उरले अवघे चार संघ. स्वीडनच्या वाट्याला एकच सामना आला आणि तो बेल्जियमने ८–४ असा जिंकला. तरीही कांस्यपदक मिळाले!

एकही विजय न मिळवता लाभलेल्या या पदकाचे कौतुक ते किती करायचे? पण त्याच उन्हाळ्यात, त्याच लंडन शहरी, स्वीडनसह आठ देशांनी आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघ स्थापन केला. नियम सर्वत्र एक असावेत, विक्रम पारखून मगच मान्य व्हावेत, हा त्याचा हेतू. पुढे १९२४ ते १९२८ या काळात बेर्गवाल त्याचे अध्यक्ष होते.

तथापि आम्हांला त्यांचे अधिक मोठे वाटते ते काम निराळेच आहे. १९१२ साली स्टॉकहोमला ऑलिंपिक भरले. स्त्रिया प्रथमच ऑलिंपिकच्या जलतरणात उतरल्या. त्या सोहळ्याचा हजाराहून अधिक पानांचा अधिकृत अहवाल बेर्गवालांनी संपादिला. त्यात समित्या आहेत, खर्च आहेत, नियम आहेत, आणि शर्यतीमागून शर्यतींचे निकाल आहेत. जिंकणाऱ्यांची नावे जग तोंडी जपते. प्राथमिक फेरीत मागे पडलेल्याला मात्र दप्तरावाचून दुसरा आसरा नाही. एकुलता एक सामना हरलेल्या माणसाच्या हातून हे काम व्हावे, यात आम्हांला मोठे औचित्य दिसते.

अहवाल लिहिणारा त्यामुळे अमर होतो, असे मुळीच नव्हे. बेर्गवालांचे नाव आज कितीजणांच्या ओठी आहे? पण दूरच्या जिल्ह्यात महापुराने एखाद्याचे घर वाहून जाते, आणि ते कधीकाळी होते याची एवढीच खूण आमच्यापैकी कोणाच्या तरी हस्ताक्षरात, एका यादीच्या एका ओळीत, उरलेली असते. ती ओळ बिनचूक असावी.